सॅन्ट्रो भंगारात काढली, सेंटरला 5 पैकी साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकते, सेंटरचं नाव लिहिणार नाहीये. तक्रारी पण आहेत, नाव टाकलं की परत फोन आणि 'मॅडम जरा रिव्ह्यू बदला ना' सुरू होतं. पुण्याच्या बाहेर, नगर रोडच्या बाजूला आहे एवढं पुरे. सरकारमान्य स्क्रॅप सेंटर आहे, ज्याला आरव्हीएसएफ म्हणतात, कोपऱ्यावरचा भंगारवाला नाही. हा फरक का महत्त्वाचा ते खाली येईलच, कारण मला स्वतःला तो गाडी देईपर्यंत नीट कळला नव्हता.

गाडी अण्णांची. 2006 ची सॅन्ट्रो झिंग, एमएच 13, म्हणजे सोलापूर पासिंग. अण्णा रिटायर होऊन आमच्याकडे चिंचवडला आले तेव्हा गाडीपण आली, आणि गेली तीन वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये चादर घालून उभी. दर रविवारी अण्णा चादर काढायचे, पुसायचे, दहा मिनिटं चालू करून ठेवायचे, परत चादर. मागच्या वर्षी बॅटरी बसली, मग नुसतं पुसणं राहिलं. त्यात एचएसआरपीचं आलं, म्हणजे त्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं. त्या नंबर प्लेटचे जीएसटी धरून 879 रुपये, ते काही जास्त नाहीत हो, पण ती बुक करायला बसले तेव्हा आरसी बाहेर काढलं आणि लक्षात आलं की पासिंग संपत आलंय.

2021 ला पंधरा वर्षं झाली तेव्हा अण्णांनी रिन्यू केली होती. तेव्हा फी होती 600 रुपये, वर पर्यावरण कर पाच वर्षांचा 3,000. एप्रिल 2022 पासून त्याच 600 चे 5,000 झाले, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या कारला थेट 10,000. टू व्हीलरला 2,000. म्हणजे दहा हजार फी, परत पर्यावरण कर, परत इन्स्पेक्शनला पास व्हायला टायर आणि बॅटरी, आणि ज्या गाडीचे बाजारात कोणी तीस हजार देणार नाही तिच्यावर पंचवीस-तीस हजार घालायचे, ते पण कशाला तर रविवारी पुसायला. हे अण्णांना सांगितलं तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दे मग. मला विचारायलीस कशाला."

एक मध्येच सांगते, अण्णांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर महिन्याला फिरतं की पंधरा वर्षं झालेली गाडी पोलीस उचलून नेतात. ते दिल्ली-एनसीआरचं आहे, तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा नियम हरित लवादापासून चालत आलाय आणि त्यावर कोर्टात अजून चाललंय. आपल्याकडे खाजगी गाडी फिट असेल आणि तुम्ही फी भरून रिन्यू करत असाल तर कोणी हात लावत नाही. सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना, एप्रिल 2023 पासून. तर घाबरून गाडी देऊ नका, हिशोब करून द्या.

आता भाव. पहिला फोन आमच्या नेहमीच्या भंगारवाल्याला केला. त्याचं गोदाम आधी कुदळवाडीत होतं, 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिकडची सगळी गोदामं पाडली तेव्हापासून तो कुठे बसतो मला माहीत नाही, पण फोन लगेच उचलतो. फोटो बघून म्हणाला 24,000, आत्ता येतो, कॅश. मी विचारलं आरसीचं काय. "मॅडम, चॅसिस नंबरचा तुकडा कापून देतो ना, तो आरटीओत जमा करा, झालं." म्हणजे तुकडा घेऊन सोलापूरला जायचं मी. आणि तुकडा सोडून उरलेल्या गाडीचं तो काय करतो, इंजिन कुठे जातं, दुसऱ्या कुठल्या गाडीत बसतं, काही पत्ता नाही. आमच्याच विंगमधल्या एका काकांनी अशीच ओम्नी दिली होती आणि आरसी कॅन्सल करायचं 'नंतर बघू' म्हणून राहून गेलं. दोन वर्षांनी त्यांच्या मोबाईलवर चलन आलं. फोटोत ओम्नी नव्हतीच, नंबर मात्र त्यांचा. ते निस्तरता निस्तरता त्यांचे जे हाल झाले ते लिफ्टमध्ये सगळ्यांनी ऐकलेत.

कायदा तसा जुनाच आहे, 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 55. गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरायच्या लायकीची राहिली नाही तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायचं. कोण कळवतं? कोणीच नाही. 2021 च्या नव्या नियमांनी एवढं झालं की गाडी मान्यताप्राप्त सेंटरला दिली की ते सेंटरच वाहन पोर्टलवर नोंद करतं आणि आरसी रद्द करायचं काम तिथून पुढे सरकतं, तुम्हाला खेटे नाहीत. आणि गाडी कुठल्याही आरटीओची असो, कुठल्याही राज्याची असो, कुठल्याही सेंटरला देता येते. एमएच 13 ची गाडी पुण्यात दिली, कोणी काही विचारलं नाही. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा मुद्दा होता.

तर सेंटरला फोन केला. फोनवरचा मुलगा एकदम गोड. गाडी कुठली, किती साल, एलपीजी-सीएनजी आहे का, अॅक्सिडेंट आहे का, सगळं विचारून म्हणाला 27 रुपये किलो, सॅन्ट्रो साडेआठशे किलो धरू, म्हणजे 22,950, पिकअप फ्री. मी मनात म्हटलं भंगारवाल्यापेक्षा हजारच कमी, मग काय हरकत आहे. हा 'धरू' शब्द लक्षात ठेवा.

अर्ज ऑनलाइन. परिवहनच्या साइटवर स्क्रॅपचा वेगळा विभाग आहे, गाडी नंबर, चॅसिसचे शेवटचे आकडे टाकायचे, ओटीपी, सेंटर निवडायचं. लिहायला सोपं आहे, आमचं तिथेच अडकलं. एक तर ओटीपी जाणार अण्णांच्या जुन्या नंबरवर, जो सोलापूर सोडताना बंद केला. तो नंबर बदलणं एका संध्याकाळचं काम. दुसरं, 2022 चं एक नो पार्किंगचं चलन निघालं, 500 रुपये, सोलापूरचं. अण्णा म्हणे मी कधीच चुकीच्या ठिकाणी लावली नाही. फोटो दाखवला तर म्हणाले, "ते होय, ते सिद्धेश्वरच्या यात्रेचं, ते काय धरायलेत." भरलं.

तिसरं मात्र खरं दुखणं. आरसीवर एचपी चढलेला, म्हणजे गाडीवर बँकेच्या लोनचा बोजा असल्याची नोंद. 2006 ला लोन काढलं होतं, 2010 ला फिटलं, बँकेने एनओसी दिलं होतं, अण्णांनी ते इतकं जपून ठेवलं की आता कोणालाच सापडत नाही. एचपी उतरवल्याशिवाय स्क्रॅपचा अर्ज पुढे जात नाही आणि त्यासाठी लागतो फॉर्म 35, दोन प्रती, त्यावर बँकेचा सही शिक्का, सोबत एनओसी. आणि ज्या बँकेचं लोन होतं ती आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, जुनी ब्रांच बंद. नव्या ब्रांचमध्ये गेले तर तिथली मुलगी म्हणे मॅम हे अकाउंट आमच्या सिस्टीमला दिसत नाहीये. दिसेल कसं, ते बंद झालं तेव्हा ती चौथीत असेल. पाच आठवडे गेले यात. शेवटी अण्णांच्या जुन्या पासबुकात लोनचा शेवटचा हप्ता वजा झालेली एंट्री सापडली, त्यावर त्यांनी शोधून काढलं. एवढंच म्हणेन, गाडी स्क्रॅप करायची असो नसो, ज्यांचं कार लोन फिटलंय त्यांनी आजच आरसी काढून मागे बघा एचपी उतरलाय का.

आणि गाडी ज्यांच्या नावावर आहे ते हयात असतील तर त्यांच्या हातूनच करून घ्या. मालक वारले असतील तर मृत्यू दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या वारसांची संमती, ते वेगळंच प्रकरण होतं. सेंटरवर आमच्यापुढे एक बाई होत्या त्या याच फाईलसाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या.

एचपी उतरला, अर्ज गेला, पिकअपची तारीख मिळाली. बुधवारी सकाळी दहाला येणार म्हणून सांगितलं, टोइंगवाला आला पावणेदोनला. मधे चार फोन केले, चारही वेळा 'निघालाय मॅडम'. याचा एक स्टार इथेच कापला.

तोपर्यंत अण्णांनी गाडी रिकामी केली. डॅशबोर्डवरचा सिद्धेश्वराचा फोटो, खाली डबल टेप लावलेला, तो काढायला सुरी लागली. डिकीतला जॅक, एक सतरंजी, आईची एक चप्पल. सीटखालून टोलच्या पावत्या निघाल्या, पाटस, वरवडे, सावळेश्वर, अशा चाळीसेक असतील, फास्टॅगच्या आधीच्या, शाई उडालेल्या. अण्णा एकेक उन्हाकडे धरून वाचायला लागले. फास्टॅगवरून आठवलं, काचेवरचा टॅग काढून नुसता फेकू नका, ज्या बँकेचा आहे तिथे बंद करायला सांगा, बॅलन्स आणि डिपॉझिट परत मिळतं.

अण्णा म्हणाले मी पण येणार. मग टोइंगच्या मागे आमची गाडी. सेंटर म्हणजे मोठं शेड, बाहेर वजनकाटा, एका बाजूला रांगेत रिक्षा, ओम्नी, एक जुनी पद्मिनी पण होती, अण्णा तिथेच उभे राहिले. हे कबूल करायला पाहिजे की जागा स्वच्छ आहे. भंगार म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं, काळं तेल, टायर जाळलेला वास, तसं काही नाही. आधी गाडी कोरडी करतात, म्हणजे बॅटरी, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, टाकीतलं पेट्रोल, एसीचा गॅस, सगळं वेगवेगळं काढून घेतात, मगच कटिंग. एसीचा गॅस मशीन लावून ओढून घेतात हे मी पहिल्यांदा बघितलं. आपला कोपऱ्यावरचा भाऊ पाइप कापतो आणि फुस्स.

काट्यावर गाडी भरली 812 किलो. साडेआठशे 'धरले' होते, तर 38 किलो तिथेच गेले. ठीक आहे, काटा समोर दिसत होता, त्याबद्दल तक्रार नाही. मग एक पोरगा, विशीतला असेल, पाना घेऊन गाडीखाली गेला. सायलेन्सरच्या पुढच्या भागावर दोनदा वाजवलं. टण टण. बाहेर येऊन ऑफिसकडे बघून म्हणाला, "रिकामंय."

मला कळेना काय रिकामं. मग ऑफिसातल्या साहेबांनी समजावलं की सायलेन्सरच्या लाइनमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच्या आत जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महाग धातू अगदी थोडे थोडे लावलेले असतात, आणि जुन्या गाडीत किलोच्या भावाने जो पत्रा मिळतो त्याच्या मानाने त्या डब्यालाच जास्त किंमत असते. आमच्या गाडीतला डबा होता, पण आतलं सगळं गायब. कधी गेलं? अण्णांना आठवलं, 2017 ला सायलेन्सर वाजत होता म्हणून गॅरेजला दिली होती, त्याने 'नवा टाकून दिला' आणि वर 1,800 रुपये घेतले. म्हणजे आम्ही आमचंच प्लॅटिनम देऊन वर पैसे दिले. अण्णा म्हणाले, "बरोबर आहे, त्यानं त्या वर्षी घर रंगवलं बघ."

तर कन्व्हर्टरचे 3,500 वजा, बॅटरी मेलेली म्हणून 1,500 वजा. 812 गुणिले 27 म्हणजे 21,924, त्यातून 5,000 गेले, हातात 16,924. भंगारवाल्याचे 24,000. सात हजारांचा फरक, आणि गाडी आता त्यांच्या काट्यावर, टोइंगवाला निघून गेलेला, आता काय परत नेणार? फोनवर त्या गोड पोराने कन्व्हर्टरचा 'क' काढला नव्हता. मी तावातावाने बोलले, साहेब थंडपणे कोटेशनच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवत होते, सगळे पार्ट असतील तर. लिहिलं होतं हे खरं. पण हे फोनवर सांगायला पाच सेकंद लागतात. दुसरा स्टार इथे गेला.

मग मी का दिली? कारण त्या क्षणी मला ओम्नीवाले काका आठवले. आणि अण्णांच्या नावाने पुढे दहा वर्षं काहीही येऊ नये, त्यांना या वयात कुठल्या चौकीत उभं राहायला लागू नये, याचे सात हजार. महाग पडलं पण दिले. अण्णांना घरी येऊन हिशोब सांगितला तर, "सात हजार सोडलीस? मला विचारलं असतंस तर..." शेजारीच तर उभे होते.

चॅसिस नंबरचा तुकडा आमच्या समोर कापला, ग्राइंडरने, ठिणग्या उडाल्या, आणि टॅग लावून वेगळा ठेवला. अण्णांना नंबर प्लेट हवी होती. मिळत नाही. खूप म्हटलं, नाहीच दिली, आणि ते बरोबरच आहे म्हणा, त्यासाठीच तर इथे आलो होतो. त्या पाना वाजवणाऱ्या पोराने मात्र हळूच स्टेअरिंगवरचा ह्युंदाईचा एच काढून अण्णांच्या हातात ठेवला. "काका, हे घ्या." त्या पोराचा अर्धा स्टार परत.

पैसे खात्यात, चौथ्या दिवशी. कॅन्सल्ड चेक मालकाच्याच नावाचा लागतो, माझा चालला नाही. सीडी, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, 'आजच संध्याकाळी मेल येईल' म्हणाले ते नवव्या दिवशी आलं. हे सीडी म्हणजे गाडी त्यांनी ताब्यात घेतल्याचा पुरावा, आणि पुढची सवलत पण याच्यावरच. प्रत्यक्ष गाडी तोडल्याचं सर्टिफिकेट वेगळं असतं, त्याला सव्वा महिना लागला. मधे मी व्हॉट्सअॅप करत होते, निळ्या टिका येत होत्या, उत्तर नाही. मी रोज रात्री झोपायच्या आधी पोर्टलवर एमएच 13 टाकून स्टेटस बघायचे, अॅक्टिव्ह, अॅक्टिव्ह, अॅक्टिव्ह, जसं काही कोणाचा रिझल्ट आहे. एका सोमवारी बदललेलं दिसलं. स्क्रीनशॉट काढला, प्रिंट काढली, सीडीसोबत फाईलला लावली. तुम्ही पण 'सेंटर करतं सगळं' म्हणून सोडून देऊ नका, स्टेटस बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मागे लागा.

सवलतींचं थोडक्यात, कारण सेंटरवाले याचाच सगळ्यात जास्त डांगोरा पिटतात. केंद्राच्या नियमात सीडी दाखवून नवीन गाडी घेतली तर रजिस्ट्रेशन फी माफ, आणि रोड टॅक्समध्ये खाजगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत, कमर्शियलला 15 टक्क्यांपर्यंत सूट राज्य देऊ शकतं. 'पर्यंत' आहे हां, नक्की किती ते राज्य ठरवतं, त्यामुळे बुकिंगच्या आधी डीलरकडून आकडा लेखी घ्या. गाडी कंपन्यांनी पण 2024 मध्ये गडकरींच्या बैठकीनंतर एक वर्षासाठी दीड टक्का किंवा 20,000, जे कमी असेल ते, अशी सूट जाहीर केली होती. आमच्या शोरूममध्ये विचारलं तर सेल्समनने आधी सीडी म्हणजे काय तेच विचारलं, मग म्हणाला मॅडम त्यापेक्षा जुनी गाडी एक्स्चेंजला आणा, बोनस जास्त आहे. आता कुठून आणू.

शिवाय आम्ही घेणार इलेक्ट्रिक, आणि इलेक्ट्रिकला आपल्याकडे रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन फी तशीच माफ आहे, मग सीडीची सूट कशावर घेणार? हे सेंटरमध्ये कोणी सांगत नाही. सीडी दुसऱ्याच्या नावावर करता येतं, विकता पण येतं, तेव्हा माझा चुलतभाऊ पेट्रोलची गाडी घेतोय त्याला द्यायचं ठरलंय. अण्णा म्हणाले फुकट देऊ नको, सात हजार घे त्याच्याकडून.

इन्शुरन्स आमचा नुसता थर्ड पार्टी होता त्यामुळे तिथे काही हाती लागलं नाही. पण तुमची फुल पॉलिसी असेल आणि क्लेम न घेतल्याचा बोनस साठला असेल तर तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, तीन वर्षांत नवीन गाडीला लावता येतं, ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत जातं ते.

तर साडेतीन स्टार. जागा, काटा, कापाकापीची पद्धत, कागद शेवटी बरोबर आले, हे सगळं चांगलं. फोनवर अर्धवट भाव सांगणं, वेळ न पाळणं आणि निळ्या टिका, हे वाईट. परत द्यायची वेळ आली तर त्यांनाच देईन, पण भाव घ्यायच्या आधी गाडी रॅम्पवर चढवून ओळखीच्या मेकॅनिककडून कन्व्हर्टर बघून घेईन, आणि कोटेशनमध्ये 'काट्यावरच्या वजनाने, कन्व्हर्टर सकट' असं लिहूनच मागेन. दोन-तीन सेंटर्सचे भाव घ्या, पोर्टलवर यादी आहे, माझा आळशीपणा की मी एकालाच विचारलं.

तो एच आता आमच्या फ्रिजवर आहे, सिद्धेश्वराच्या फोटोशेजारी. रविवारी सकाळी अण्णांचा हात मोकळा असतो म्हणून ते आता माझी गाडी पुसतात, आणि दर वेळी खाली वाकून सायलेन्सरवर दोन टकटक करून बघतात.